लाल दोऱ्याचं लुगडं

बजाजनगर, औरंगाबाद
१६ नोव्हेंबर १९९४

प्रिय अक्का,

या खेपेला आधी खुशाली विचारत नाही. विचारली की मी खुशालीतच रेंगाळेन आणि मूळ गोष्ट राहून जाईल, माझी खोड तुला ठाऊक आहे. आज दुसरी पाळी आहे. कंपनीची बस दोन वाजता चौकात येते, त्याआधी हे लिहून पेटीत टाकायचं ठरवलंय. सकाळपासून तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा उठलो. एकदा नळाला पाणी आलं म्हणून, दोनदा सायकलची हवा बघायला. सायकलची हवा चांगली होती. लक्ष्मी म्हणाली, एका जागी बसा की जरा, घरभर काय फिरताय. तिला मी सगळं सांगितलंय. तुला सांगायचं राहिलंय.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की आईचं हिरवं लुगडं ट्रंकेत जपून ठेवलंय, तुझ्या आशाच्या बाळंतपणाआधी घेऊन येतो. अक्का, ते लुगडं ट्रंकेत नाही. तुझं पत्र आलं तेव्हाही नव्हतं. मी खोटं लिहिलं.

आईच्या तेराव्याला तू ते माझ्या हातात दिलंस तेव्हा, आशाच्या पुढच्या लेकरासाठी जपून ठेव, म्हणालीस ते अजून कानात आहे. आशाचं पहिलं लेकरू चार दिवसांत गेलं, त्याच्या अंगावर जावयांनी हौसेनं आणलेलं दुकानातलं नवं झबलं होतं. डॉक्टरांनी दुसरंच कारण सांगितलं होतं, पण तू ते मनातून काढलं नाहीस. बारशापर्यंत लेकराच्या अंगाला नवं कापड लावू नये, पिकल्या माणसाचं वापरलेलं, मऊ झालेलं लावावं, म्हणजे त्याचं आयुष्य लेकराला लागतं, हे आईनं आपल्याला कितीदा सांगितलं असेल. तू झालीस तेव्हा पोलीस ॲक्शनला महिनाच झाला होता, बाजार बंद, नवं कापड मिळायची सोयच नव्हती, आणि आज्याचं धोतर फाडून तुला गुंडाळलं होतं. म्हणून तू अशी दणकट निघालीस, असं आई म्हणायची. म्हणून तू आज्यासारखी घोरतेस, असं मी म्हणायचो.

आणि आई अठ्ठ्याहत्तर वर्षं जगली, त्यातली शेवटची बरीच या लुगड्यात. देवगावच्या बाजारात दादांनी घेतलं तेव्हा मी आठवीत होतो. आधी ते लग्नकार्याला होतं, मग बाजाराला, मग शेतात, मग घरात. मधोमध विरलं तेव्हा तिनं तेवढा भाग कापून काढला, दोन्ही तुकडे जोडून दांड घातला, आणि शिवायला दोरा घेतला तो लालभडक. हिरव्यावर लाल. मी हसलो तर म्हणाली, "फाटलं होतं ते दिसू दे की. शिवलंय ते बी दिसतंय ना." पुढं जिथं जिथं विरलं तिथं लाल दोरा फिरला. शेवटी तर लुगडं जास्त की दोरा जास्त हे सांगता येईना, पण हाताला कसं लागायचं ते तुला माहीत आहे.

ते मी बोहारणीला देऊन टाकलं. होळीच्या आधी, लक्ष्मी माहेरी गेली होती तेव्हा. आमची खोली दहा बाय बारा. ट्रंक पायथ्याशी, आणि ट्रंक उघडली की आईचा वास यायचा. तंबाखूचा आणि चुलीचा. मी कपड्यांसाठी रोज ती उघडायचो आणि रोज माझा जीव कासावीस व्हायचा. तिच्या शेवटच्या आठवड्यात मी सुट्टी टाकली नव्हती, तेही मग आठवायचं. त्या सकाळी दारात बोहारीण ओरडली आणि मी आईचं सगळं गाठोडं उचलून तिच्यापुढं ठेवलं. तू ठेवायला दिलेलं लुगडं त्यातच होतं. विसरलो होतो असं लिहिणार होतो, पण विसरलो नव्हतो. त्या क्षणी मला ते घरातून जायला हवं होतं. बदल्यात तिनं स्टीलचं पातेलं दिलं. राखीला तू आलीस तेव्हा त्याच पातेल्यात चहा केला आणि तू म्हणालीस, छान जाड बुडाचं आहे, कुठून घेतलंस. मी म्हणालो, बाजारातून.

तुझं पत्र आल्यावर मात्र माझी झोप गेली. बोहारीण गुरुवारी येते, पण मला गुरुवारपर्यंत दम निघेना, तिचं घर हुडकत गेलो. ती म्हणाली, चांगल्या साड्या, पँट-शर्ट छावणीच्या बाजारात विकते, बाकी सगळं तिथल्याच मागच्या शेडवर वजनावर जातं. तिथं गेलो. पत्र्याची शेड, आत दहाबारा बायका ढिगाभोवती बसलेल्या. बटणं काढायची, हुक काढायचे, काठ कापायचे, टेरिकॉट एकीकडं, सुती एकीकडं. सुती कापडाच्या वीतभर चिंध्या होतात आणि पोत्यांत भरून जातात. कुठं, तर आमच्याच वाळूजच्या कंपन्यांत, मशीनवरचं तेल पुसायला. तेल पिऊन काळ्या झाल्या की वीटभट्टीवर, जळायला. बारा वर्षं मी त्या पोत्यातून चिंधी ओढून हात पुसतोय अक्का, ती कुणाच्या अंगावरून आली असेल हे एकदाही मनात आलं नव्हतं.

शेडचे चाचा भला माणूस. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भाई, आठ महिने हो गये. इदर आया सो कपडा चार दिन में चिंदी हो जाता. घर जाव." मी घरी आलो. पण तिथून पुढं कामावर मला हात पुसता येईना. पोत्यातली प्रत्येक चिंधी उलटीपालटी करून बघायची, हिरवं दिसलं की लाल शोधायचं. एकदा तर अख्खं पोतं जमिनीवर ओतलं. सुपरवायझरनं विचारलं, अंगठी पडली का. मी म्हणालो, हो.

पुन्हा दोनदा शेडवर गेलो, कशासाठी ते मलाही सांगता आलं नसतं. तिसऱ्या खेपेला ढिगाजवळची एक म्हातारी उठून बाहेर आली. दगडाबाई तिचं नाव. म्हणाली, लाल दोऱ्याचं लुगडं का? तिनं ते कात्रीखाली घातलंच नव्हतं. हाताला लागलं तेव्हाच तिला कळलं, हे कुण्या पिकल्या बाईचं आहे. तिची लेक तेव्हा दोन महिन्यांची पोटुशी होती. चाचांना सांगून तिनं ते घरी नेलं, दुपटी-झबली शिवायला.

शेडमागच्या वस्तीत तिची खोली आहे. ती मला घेऊन गेली. पाळण्यात दीड महिन्याची नात झोपली होती, आईच्या लुगड्याच्या दुपट्यात. दांडाची शिवण बरोबर तिच्या पोटावरून गेली होती. मी दारातच बसलो आणि रडलो, अक्का. दगडाबाईनं पाणी दिलं. मग मीच सांगितलं, तुझं, आशाचं, पहिल्या लेकराचं, पातेल्याचं सुद्धा. झोपलेल्या लेकराच्या अंगावरचं कसं मागायचं? पण ती उठली, दोरीवरचं एक दुपटं आणि एक झबलं काढलं, घडी घालून माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाली, "घिऊन जा. आमचं बारसं झालंय, आता नवं चालतंय तिला. पर तुमच्या बहिणीला इचारा आधी. आमच्या लेकराच्या अंगावरचं हाय ते. न्हाय चाललं तर वापस आणून द्या, चिंदीत टाकू नका."

काय विचारायला सांगत होती ते मला कळलं, तुलाही कळलं असेल. तुझ्या घरी अजून पाण्याचा माठ कुणाच्या हाताला लागू देतात आणि कुणाच्या नाही, ते मी बघितलंय. तुझ्या सासूबाई आहेत, आशाची सासरची माणसं येतील. मी गप्प राहिलो तर कुणाला काही कळणार नाही. कापड आईचंच, शिवण आईचीच, तू ते डोळ्यांना लावशील आणि बाळाला गुंडाळशील. परवापासून मी हेच ठरवतोय आणि मोडतोय. सांगू नको म्हणतो, उठतो, घरी आणून ठेवलेलं ते दुपटं चाचपतो, पुन्हा बसतो. पण एकदा खोटं लिहून बघितलं. दुसरं खोटं तुझ्या नातवंडाच्या अंगाला लावणार नाही.

म्हणून हे पत्र. आण किंवा नको, एवढंच कार्डावर लिहून पाठव. आण म्हणालीस तर रजा टाकून दुसऱ्याच दिवशी निघतो. नको म्हणालीस तर दुपटं आणि झबलं दगडाबाईला परत देईन आणि तुझ्याशी त्याबद्दल कधी बोलणार नाही. माझ्या मनातलं विचारशील तर, आण म्हण. आईचं आयुष्य एका लेकराला लागलेलं मी डोळ्यांनी बघून आलोय, चांगली गुटगुटीत आहे ती. पण लेकरू आशाचं आहे, आणि एकदा तुम्ही दोघींनी जे सोसलंय ते मी सोसलेलं नाही. तुझं म्हणणं मी मानेन. फक्त एक कर. दुपटं नको असलं तरी मला ये म्हण.

तुझाच,
बद्री