भिंगरीची तोंडी परीक्षा

रविवार, ९ फेब्रुवारी

ती. स्व. ताईस,
शि. सा. न., आणि पत्राला उशीर झाला म्हणून कान धरून उभी आहे असं समज.

उशिराला कारण आपले आप्पा. गुरुवारी शिक्षण विभागाच्या बाई भिंगरीला पाहायला घरी येणार हे कळल्यापासून त्यांनी घर डोक्यावर घेतलंय. डॉक्टरांनी गेल्या वर्षी लेक स्वमग्न असल्याचं लिहून दिलं, पण तेवढ्यावर शाळेत काही मिळत नाही. विभागानं मान्यता दिली, तरच वर्गात तिच्यासाठी मदतनीस येते. आता तीस पोरांत एकच बाई. अकराच्या सुमाराला गोंगाट वाढला की भिंगरी कान झाकून बाकाखाली शिरते आणि मला फोन येतो. मग अर्धी दुमडलेली पँट मशीनवर तशीच टाकून मी धावत सुटते. दुकानाच्या मालकीणबाई अजून काही बोलल्या नाहीत, पण हल्ली घाईचे कपडे माझ्याकडे देत नाहीत. मुख्याध्यापिकांनी तर स्पष्टच सांगितलंय की मदतनीस मिळाली नाही, तर पहिलीत तिला घेता येणार नाही.

तेव्हा आप्पा रोज चार वाजता उजळणी घेतात. नाव काय, कुणाशी खेळतेस, हे चित्र कशाचं. समोरच्याच्या डोळ्यांत बघवत नसेल, तर दोन भुवयांच्या मधोमध बघायचं, ही युक्तीही शिकवून झाली. अडतीस वर्षं पोरांना तोंडी परीक्षेला बसवलेला माणूस, त्याला अडवणार कोण? शिवाय यांची बस सध्या लांबच्या मार्गावर आहे, त्यामुळे घरात आप्पांचंच राज्य. खरं सांगू, मलाही बरं वाटतंय. परक्या माणसासमोर लेकीनं नीट बोलावं, एवढी हाव तर असणारच ना.

बाकी भिंगरी मजेत. दुकानातली बटणं आधी रंगाप्रमाणे लावायची, आता भोकांप्रमाणे लावते. दोन भोकांच्या डब्यात चार भोकांचं सापडलं की माझी खैर नसते.

माया आहे तशीच असू दे, आणि रागावली असलीस तर दोन ओळी जास्त लिही.

तुझी
धाकटी


शुक्रवार, १४ फेब्रुवारी

चि. थोरलीस,
अ. उ. आ. पत्र मुद्दाम लिहितो आहे, कारण आनंद पोटात मावत नाही.

बाई काल आल्या. पाऊण तास बसल्या. भिंगरीनं सतराच्या सतरा प्रश्नांची उत्तरं दिली, एकदाही गिरकी घेतली नाही, निघताना नमस्कारसुद्धा केला. बाई म्हणाल्या की मुलीची छान तयारी आहे. मी म्हणालो की आमच्याकडे तयारीशिवाय कुणी कुठे जात नाही. धाकटी उगीच घाबरत होती. आता मदतनीस हाताशी आल्यातच जमा धर.

तब्येतीला जप. तुझ्यावरचा जीव पूर्वीइतकाच आहे, हे सांगायला नकोच.

तुझा
आप्पा


शनिवार, ८ मार्च

ती. स्व. ताईस,
शि. सा. न.

अर्ज नामंजूर झाला. पत्रात लिहिलंय की मुलगी नजरेला नजर देऊन बोलते, सूचना पाळते, प्रश्नांना समर्पक उत्तरं देते, सबब वेगळ्या मदतीची गरज दिसत नाही. आप्पांनी ते पत्र तीनदा वाचलं आणि चष्मा काढून बसून राहिले. आपण पोरीला इतकं उत्तम पास केलं की तिची मदतच गेली.

त्या दिवशीचं तुला सांगितलंच नव्हतं. बाई जिना उतरेपर्यंत भिंगरी खुर्चीत ताठ होती. मग माझ्या कापडाच्या टेबलाखाली शिरली ती दोन तास बाहेर आली नाही. बाही चावून चावून तिच्या चिंध्या केल्या. पुढचे दोन दिवस एक शब्द नाही, जेवण जेमतेम. हे बघायला बाई नव्हत्या.

महिन्याच्या आत फेरविचाराचा अर्ज करता येतो. मी आप्पांना म्हटलं की खरं काय ते तुम्ही लिहा, तुमच्या शब्दाला वजन आहे. त्यांनी साफ नकार दिला. सरकारी कागदावर नातीची उणी बाजू आपल्या हातानं लिहिणार नाही म्हणाले. तेव्हापासून घरात दोघांची तोंडं दोन दिशांना. तुझं ते ऐकतात. तूच काही तरी कर.

तुझ्या आधाराची सवय झालेली
धाकटी


गुरुवार, १३ मार्च

ती. आप्पांस,
सा. न. धाकटीचं पत्र पोहोचलं. वकिली करायला बसलेय, पण कुणाची ते मला अजून कळलेलं नाही.

भुवयांच्या मधोमध बघायची युक्ती तुम्ही मलाही शिकवली होती, सहा वर्षांची असताना, मोठ्या शाळेत मुलाखत होती तेव्हा. मी पहिली आले. ती युक्ती अजून वापरते. छापखान्याच्या मालकांच्या भुवयांमध्ये एक तीळ आहे. एकवीस वर्षं नोकरी करून मला तो तीळ त्यांच्या चेहऱ्यापेक्षा जास्त ओळखीचा झालाय. सगळे म्हणतात, थोरली किती शांत, किती समजूतदार. प्रुफं तपासायचं काम मी का निवडलं ठाऊक आहे? तिथे दिवसभर कुणी बोलत नाही. आणि ज्या दिवशी बोलावं लागतं, त्या दिवशी घरी आल्यावर चपला न काढता तासभर खुर्चीत बसून राहते. उठायची ताकद नसते.

मी कुणा डॉक्टरकडे गेलेले नाही आणि स्वतःला काही नाव लावत नाही. तक्रारही नाही, तुम्ही मायेनंच शिकवलंत. पण आप्पा, मला पास होता येतं म्हणून मला कधी कुणी विचारलं नाही की त्रास होतो का. भिंगरीलाही कुणी विचारणार नाही. तिची उणी बाजू लिहू नका. तुम्ही काय काय शिकवलंत, किती दिवस, आणि बाई गेल्यावर काय झालं, एवढंच लिहा. शब्द खरा असला की पुरे.

ही थोरली तुमच्यावर रुसलेली नाही, एवढं मात्र नक्की समजा.

तुमची
थोरली


रविवार, २० एप्रिल

ती. स्व. ताईस,
शि. सा. न., आणि त्यात माझे आणखी दहा मिळव.

तू काय लिहिलंस ते आप्पांनी मला दाखवलं नाही. पत्र वाचून ते गच्चीवर गेले, खाली आले ते थेट कागद मागत. चार पानं लिहिली. पहिलंच वाक्य असं की मुलीला प्रश्न आणि उत्तरं मी आधीच पाठ करून घेतली होती, तेव्हा त्या दिवशी आपण तिला नाही, मला तपासलंत. मग सगळं ओळीनं: किती दिवस उजळणी, टेबलाखालचे दोन तास, बाही. सहीखाली स्वतःचा हुद्दाही लिहिला, निवृत्त शिक्षक म्हणून. मी लिहून घेते म्हटलं, पण मला लिहू दिलं नाही.

बाईंचा फोन आला. असं पत्र कुणी पाठवत नाही म्हणाल्या, आणि या वेळी घरी न येता न कळवता वर्गात जाऊन बसल्या, सकाळी दहा ते साडेअकरा. भिंगरी बाकाखाली गेली तेव्हा त्या स्वतः फरशीवर बसल्या. काल कागद आला. मंजूर. रोज चार तास मदतनीस, वर्गात पडदा लावलेला शांत कोपरा, आणि घंटेआधी पाच मिनिटं सुट्टी. मी मालकीणबाईंच्या गळ्यातच पडले. त्यांच्या तोंडात टाचण्या होत्या, थोडक्यात बचावलो.

आभार मानत नाही, तू ओरडशील.

तुझी
धाकटी


शुक्रवार, २७ जून

चि. थोरलीस,
अ. उ. आ. भिंगरी पहिलीत बसली. मदतनीस मुलगी तरुण आहे, फार बोलत नाही, हे उत्तम. या आठवड्यात पाचही दिवस भिंगरी शेवटपर्यंत वर्गात होती. शाळेतून फोन येईना, तेव्हा मंगळवारी धाकटीनंच काळजीनं फोन केला. त्यांनी सांगितलं की मुलगी पडद्यामागे चित्र काढते आहे, आपण काम करा.

मी आता चार वाजता तिच्याजवळ नुसता बसतो. ती बोलली तर बोलतो. काल तिनं अर्ध्या तासानं एक बटण माझ्या हातात ठेवलं आणि पुन्हा कामाला लागली. एवढ्यानंही माझं भागतं, हे मला या वयात कळलं.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला तीन महिने लागले. तुझ्या लहानपणी आपल्याकडे कुणी आलं की मी तुला पुढे उभी करायचो. तू घडाघडा उत्तरं द्यायचीस आणि माझी छाती फुगायची. ती माणसं गेल्यावर तू कुठे जायचीस, हे आठवायला बसलो. आठवलं नाही, कारण मी कधी पाहिलंच नव्हतं. चूक झाली, पोरी.

सुट्टी काढून ये. मागची खोली तुझ्यासाठी रिकामी केली आहे. कडी आतून आहे, जड लागत होती, तिला तेल घातलं. मनात येईल तेव्हा बाहेर ये. माझ्याशी बोललंच पाहिजे असं नाही.

माझी माया आहेच. या पत्राला उत्तर आलं नाही तरी राहील.

तुझा
आप्पा