चमचा आईच्या हातात दे

तीर्थरूप ताईला धाकटीचा नमस्कार.

मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. तुझी कंबर कशी आहे?

आमच्या पुनर्वसन केंद्रात अर्धांगवायू झालेले एक शिंपीकाका आहेत. रुग्णांनी स्वतःचं स्वतः करावं, आम्हाला मदतीचा मोह नको म्हणून आम्ही हात पाठीमागे धरून उभ्या राहतो. काल मला राहवलं नाही, मी त्यांचं बटण लावून दिलं. काका भडकले, "बाई, रोज घरी येणार आहात का मला नटवायला?" आज वीस मिनिटांनी त्यांनी स्वतः एक बटण लावलं. म्हणाले, "बाकीची उद्या. आज उघडाच हिंडतो." केवढं समाधान वाटलं!

खोलीवर आले आणि तू पाठवलेला फोटो पाहिला. तू आईला भरवते आहेस आणि तिचा उजवा हात चादरीखाली आहे. ताई, तिला अर्धांगाचा झटका येऊन अडीच महिने झाले. असाच राहिला तर तो हात कायमचा जाईल गं. मला रजा देत नाहीत, किती विनवलं. तुझ्या पाया पडते, चमचा तिच्या हातात दे. सांडू दे. "लेकीला माझा कंटाळा आला," असं ती म्हणेल. म्हणू दे. तुला रडू आलं तर बाहेर जाऊन रड, पण परत येऊन तिला भरवू नकोस.

तुझीच,
धाकटी