शेवटच्याला पहिला मान

पालम,
ता. ४ जानेवारी १९७५

ती. दादांस,
सगुणाचा सविनय जयभीम. वि. वि. इकडे सगळे बरे आहोत. तुम्ही आणि गीतावहिनी बरे असाल असं धरून चालते, कारण दसऱ्यापासून तुमचं साधं कार्डही नाही.

शाळा, घर आणि कबड्डी या तिन्हींनी मी थकून गेले आहे. पहिल्या दोन गोष्टी मी स्वतः ओढवून घेतल्या, तिसरी तुम्ही गळ्यात बांधलीत. माझ्या चंद्रभानला लहानपणी अंगणात रेघ ओढून दम धरायला मामा म्हणून तुम्हीच शिकवलंत. आता तो एकतीस वर्षांचा आहे, पालमच्या मंडळाचा कप्तान आहे, आणि सकाळी भिंतीला धरून उठतो. गुडघा यंदापुरताच, पुढं खेळू नका, असं डॉक्टरांनी बजावलं आहे.

मंडळ यंदा सारखं हरत आहे. १९ तारखेला, रविवारी, आपल्याच मैदानावर सोनपेठशी शेवटचा सामना. हरलो तर सहा गावांत आपण सर्वांत खाली, जिंकलो तर तुमची पिंगळी खाली. आणि जो शेवटचा, त्याला पुढच्या वर्षीचा बाहेरचा गडी सगळ्यांच्या आधी निवडायचा मान, हा नियम. दुबळं गाव कायम दुबळं राहू नये म्हणून बैठकीत तो मांडणारे तुम्हीच. यंदा सगळ्यांचा डोळा परभणीच्या बोर्डिंगातल्या भुजंगवर आहे.

काल मंडळाचे सेक्रेटरी नागनाथ घरी आले, दोन कप चहा प्याले आणि चंद्रभानला म्हणाले की सोनपेठशी हरायचं. मागच्या सामन्यात हरलो तेव्हा आपल्याच लोकांनी टाळ्या वाजवल्या, दादा. चंद्रभान त्या दिवशी जेवला नाही. काल नागनाथ गेल्यावर मी विचारलं तर एवढंच म्हणाला की मामा म्हनतील तसं करतो. त्याचा हा शेवटचा सामना आहे. काय ते तुम्हीच कळवा.

लोभ आहे म्हणूनच भांडते, तो असू द्यावा.
तुमची सगुणा


पिंगळी,
ता. ९ जानेवारी १९७५

चि. सगुणास,
सप्रेम जयभीम आणि अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. मास्तरीण झालीस तरी पत्रातून कान धरायची सवय गेली नाही.

स्टेशनात ड्युटीवर दोन गाड्यांच्या मधे बसून मी पुष्कळ विचार केला. नागनाथचं बरोबर आहे. भुजंगला मी परभणीत खेळताना पाहिलं आहे. चढाईला निघाला की समोरचे गडी आपसूक मागं सरतात. एक सामना देऊन पुढची पाच वर्षं मिळत असतील तर द्यावा. आमचे पिंगळीकर पालम जिंकावं म्हणून देव पाण्यात घालून बसले आहेत. भुजंग इथं आला तर मला दारात खेळ बघायला मिळेल, तरी मी पालमचंच भलं सांगतो आहे, हे ध्यानात घे.

सगुणा, मी जन्मभर पालमच्या नावानं ओरडलो. घसा झिजला, चषक काही आला नाही. आता मला खरंच कंटाळा आला आहे. डोळे मिटायच्या आधी एकदा तरी आपलं गाव पहिलं आलेलं पाहावं, एवढीच इच्छा आहे. चंद्रभानला सांग, पकड झाली की दम जरा लवकर सोडायचा. कुणाला कळतसुद्धा नाही. तो माझं ऐकेल.

मी येणार नाही. रजा नाही, आणि असला सामना बघायचा तरी काय.

नातवंडांना गोड पापे. माया आहे तशी राहू दे.
तुझा भगवानदादा


पिंगळी,
ता. २१ जानेवारी १९७५

चि. सगुणास,
सप्रेम जयभीम व आशीर्वाद. पालम जिंकल्याची बातमी इथं कळली. पिंगळीकरांनी स्टेशनासमोर फटाके लावले, भुजंग आता त्यांचाच. मला मात्र कुणाच्या तोंडाकडं बघवेना.

चंद्रभाननं असं का केलं? मी स्पष्ट लिहिलं होतं. त्याच्यावर रागावलो आहे असं सांग. किंवा नको सांगू. गुडघ्याचं काय झालं ते आधी कळव.

माझा घसा पार बसला आहे. थंडी फार आहे इकडे. तुझी वहिनी हळदीचं दूध देते आणि माझ्याकडं बघून हसते, का ते कळत नाही.

जास्त लिहवत नाही. आठवण ठेव.
तुझा भगवानदादा


पालम,
ता. २५ जानेवारी १९७५

ती. दादांस,
सगुणाचा जयभीम. वि. वि. घसा थंडीनं बसला म्हणता. बायकांच्या बाजूला मी बसले होते. समोर बाभळीखाली उपरणं तोंडावर ओढून बसलेला माणूस कोण, हे ओळखायला मला चष्मा लागत नाही.

शेवटच्या चढाईला आपण दोन गुणांनी मागं होतो. सोनपेठच्या तिघांनी चंद्रभानला पाडलं, मध्यरेषा हातभर लांब. तुमचं पत्र मी त्याला वाचून दाखवलं होतं. दम सोडला की झालं, आणि तो सोडणारच होता, त्याचा आवाज बारीक होत गेलेला मी ऐकला. तेवढ्यात बाभळीखालचा माणूस उठून ओरडला, सोडू नको रे, रेघ धर. अंगणात ओरडायचात, अगदी तसंच. त्याचा हात रेघेवर गेला. तिघंही बाद.

कुणी टाळी वाजवली नाही. गुडघा कायमचा गेला असं डॉक्टर म्हणतात. लोडावर पाय ठेवून तो पडून आहे. सूनबाई सत्यशीला पाण्याला गेली तर बायका तिच्याशी बोलत नाहीत. नागनाथ सांगत फिरतात की मास्तरणीचा भाऊ पिंगळीचा, म्हणून पिंगळीसाठी ओरडला. तुम्हाला काय झालं होतं हे मी त्यांना कसं समजावू? मलाही तुमचा राग आला होता, दोन दिवस टिकला.

काल चंद्रभाननं विचारलं की आवाज मामाचा होता का. मी म्हटलं, मामा आलेच नव्हते, तसं पत्र आहे. या हिवाळ्यात पहिल्यांदाच तो हसला. म्हणाला, न्हाई आई, मामा कागदावर येगळे आन् मैदानावर येगळे.

पुढच्या वर्षी भुजंगवाचून आपण शेवटीच असणार, मग पहिला मान मिळेल, असं लोक आतापासून बोलू लागले आहेत. चंद्रभान काठी टेकत सामने बघायला जाणार आहे. त्याच्या शेजारी कुणीतरी बसायला हवं, ज्याला पालम हरलेलं बघवत नाही.

लोभ आहेच. या खेपेला उपरणं तोंडावरून काढून सरळ घरी यावं.
तुमची सगुणा