कॅलेंडरच्या पानाचं कव्हर

मंगळवार, लालबाग

वैताग आलाय नुसता. कादंबरी लिहायला चार वर्षं घातली आणि आज अख्खी संध्याकाळ तीस सेकंदांच्या रीलमध्ये गेली. प्रकाशकांकडे प्रसिद्धी बघणारी रिया फोनवर म्हणाली, "ताई, घरचं कोणीतरी वाचतंय असं दाखवा. पण मुखपृष्ठ दिसलंच पाहिजे हं."

घरात वाचणारे एकटे बाबाच. त्यांनी माझ्या कादंबरीला जुन्या कॅलेंडरच्या पानाचं कव्हर घातलंय, शाळेत माझ्या पुस्तकांना घालायचे तसं. पांढरी बाजू बाहेर, वर ठसठशीत अक्षरात माझं नाव. मी म्हटलं, काढू का जरा? तर म्हणाले, "नको गो, पुस्तक मळतला."

शेवटी मी ओढूनच काढलं. कोपऱ्यात फाटलं. मग सुरू. बाबा, वर धरा. बाबा, हसा. तिकडे नाही, मोबाइलकडे बघा. पाचव्यांदा घेताना त्यांनी पुस्तक खाली केलं आणि विचारलं, "माका एक सांग, ती सुमन परत घराक कित्याक गेली?"

महिनाभर जो तो विचारतोय, फॉलोअर्स किती, प्रकाशन समारंभ कुठे, दादरला की गिरगावात? माझ्या कादंबरीतल्या सुमनबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता. आणि मी काय बोलले? "बाबा, मध्ये बोलू नका ना, परत घ्यावं लागेल."

रील पाठवलं. रियाचा लाल बदाम आला. बाबा मघापासून कव्हरच्या फाटक्या कोपऱ्याला चिकटपट्टी लावतायत. सुमनचं परत विचारलं नाही त्यांनी.