साइडकारमध्ये सासूबाई

आदरणीय साडूभाऊ,

आपल्या दोन्ही गुडघ्यांना माझा वेगवेगळा नमस्कार. डावा अजून कुरकुरतो, पण उजव्याने जिना मान्य केला आहे, असं तुमच्या मेहुणीकडून कळलं. ऐकून बरं वाटलं. ताईंचा रक्तदाब कसा आहे? हे मी रीत म्हणून विचारत नाही. पुढचं पत्र त्यांच्यासमोर वाचायचं की न्हाणीघराला आतून कडी लावून, हे त्यावर ठरेल. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. (माझा उजवा अंगठा सोडून. अक्षराबद्दल क्षमा असावी.)

तर शर्यतीबद्दल. डोंगर, वाळू आणि दगडगोट्यांतून तीन दिवस चालणाऱ्या त्या मोटारसायकल शर्यतीत मी दर वर्षी भाग घेतो आणि दर वर्षी टेम्पोत बसून परत येतो, हे आपल्याला ठाऊक आहेच. माझ्या चष्म्याच्या दुकानात येणारे लोक हल्ली ‘पोचलात का?’ असं विचारतच नाहीत, ‘यंदा कुठपर्यंत?’ असं विचारतात. म्हणून या खेपेला तुमच्या मेहुणीला मी शब्द दिला होता की शेवटपर्यंत गेलो नाही तर गाडी विकून टाकेन. मला वाटलं होतं ती ‘असं काही बोलू नका’ वगैरे म्हणेल. तिने दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आणून उभं केलं. म्हणजे माझी किती निकड होती ते बघा.

आमचा गट साइडकारवाल्यांचा. त्यात एक चालवणारा आणि एक बाजूच्या डब्यात बसून रस्ता सांगणारा, वळणावर अंग बाहेर झोकून तोल सांभाळणारा, अशी दोन माणसं लागतात. हे दुसरं काम आपल्या मेहुण्याचं. त्यासाठी तो वर्षभर व्यायाम करत होता, आणि निघायच्या सकाळी हत्यारांची पेटी उचलताना त्याची कंबर धरली. वाकला तो वाकलेलाच राहिला. मला ‘जपून जा’ हेही त्याने जमिनीलाच सांगितलं.

आता सासूबाई. त्या आम्हाला फक्त निरोप द्यायला आल्या होत्या. टेलिफोन खात्यात सगळी नोकरी झाल्यामुळे त्यांचा आवाज अजून कसा स्वच्छ आणि परका आहे, ते आपण जाणताच. लग्नाला बारा वर्षं झाली, पण त्या माझ्याशी थेट बोललेल्या नाहीत. भांडण नाही, रुसवा नाही, नुसता जावयाचा मान. ‘जावईबापूंना चहा हवा असेल,’ असं त्या भिंतीला सांगतात आणि ‘हवा आहे,’ असं मीही भिंतीलाच सांगतो. (तुमची भिंत कोणती?) तर मी गाडीशेजारी डोकं धरून बसलो होतो, मेहुणा काटकोनात उभा होता, आणि सासूबाईंनी आभाळाकडे बघत विचारलं, “बाजूला नुसतं वजनच लागतं ना?”

आणि पोटच्या पोराला लेकीच्या हवाली करून त्या डब्यात बसल्या. हेल्मेट घातलं, पर्स मांडीवर घेतली, वर पट्टा आवळला. पंचांनी नियमांचं पुस्तक पुन्हा पुन्हा चाळलं. त्यात वयाबद्दल काही नव्हतं आणि पर्सबद्दलही नव्हतं.

पहिल्या दिवशी दुपारी एक दगड उडून पेट्रोलच्या टाकीला लागला आणि थेंब थेंब गळायला लागलं. मी नेहमीप्रमाणे टेम्पोची वाट बघत एका कडेला बसलो. सासूबाईंनी पर्समधून अंगाचा साबण काढला, ओला केला आणि टाकीच्या चिरेवर घासघासून लिंपून टाकला. गळती थांबली. हे कुठे शिकलात, असं मी (चाकाला) विचारलं. “ऑफिसच्या जीपचा ड्रायव्हर असं करायचा,” त्यांनी (दुसऱ्या चाकाला) सांगितलं. पुढचा सगळा दिवस आमच्या गाडीला चंदनाचा वास येत होता आणि मागून येणारे स्पर्धक जवळ आले की हळू व्हायचे.

दुसऱ्या दिवशी क्लचची तार तुटली. दुसरी तार होती, पण ती मेहुण्याच्या खिशात राहिलेली. क्लच नसला की गाडी गिअरमध्ये घालून ढकलत सुरू करायची आणि एकदा सुरू झाली की देवाशप्पथ थांबवायची नाही. आता मला सांगा, साइडकार, आत सासूबाई, वर माळरानाचा चढ, आणि ढकलणारा मी एकटा! त्या स्वतःहून उतरून ढकलायला लागल्या, तेव्हा लाजेने माझ्यात दोन माणसांचं बळ आलं. गाडी सुरू झाली आणि निघालीच. मी धावत टांग टाकली. त्या धावत आल्या आणि डब्यात पडल्या. पाय आधी गेले की डोकं, हे मी जावयाच्या मर्यादेने पाहिलं नाही.

पण वाटेत चौक्या होत्या, आणि चौकीवर थांबून कार्डावर शिक्का घ्यावा लागतो. सासूबाई उभ्या राहिल्या आणि त्या टेलिफोनच्या आवाजात दुरूनच म्हणाल्या, “शिक्का तयार ठेवावा. गाडी थांबणार नाही.” चौकीवरची माणसं मुकाट्याने शिक्का घेऊन आमच्याबरोबर धावली. एक शिक्का कार्डाऐवजी सासूबाईंच्या बाहीवर बसला. संध्याकाळी पंचांनी बाही उजेडात धरून तपासली आणि ग्राह्य मानली.

तिसऱ्या दिवशी मात्र माझा धीर सुटला. साइडकार गाडीला धरून ठेवणारा पुढचा नट-बोल्टच तुटला आणि डबा माझ्यापासून हळूहळू लांब जायला लागला. मी पँटचा पट्टा काढून दोन्ही एकत्र बांधलं. (पँटचं काय झालं हे लिहीत नाही, ताई वाचत असतील.) तशात एक घसरडा उतार लागला, खाली रस्त्याला दोन फाटे. सासूबाई कागदात बघून म्हणाल्या, “जावईबापूंनी डावीकडे घ्यावं असं वाटतं.” इंजिनाच्या आवाजात मला फक्त ‘वाटतं’ ऐकू आलं. मी उजवीकडे वळायला लागलो.

“अरे गाढवा, डावीकडे! कान फुटले का तुझे? डावीकडे!”

मी वळलो. उजवीकडे काय होतं ते ओझरतं दिसलं. कडा होता, साडूभाऊ, आणि कड्याखाली काहीच नव्हतं. गाडी सपाटीला लागली. बारा वर्षांचा मान उतारावर सांडला होता आणि तो गोळा करायला थांबता येत नव्हतं, कारण क्लच नव्हता. मग बऱ्याच वेळाने त्या माझ्याकडे बघून, थेट माझ्याकडे बघून म्हणाल्या, “लागलं का रे कुठे?” माझी आई गेल्यापासून मला असं कुणी गाढव म्हणालं नव्हतं. (तुमची मेहुणी म्हणते, पण तिच्या म्हणण्यात ती गोडी नाही.) चष्मा धुळीने भरला होता असं मी घरी सांगितलं आहे.

आम्ही पोचलो तेव्हा शेवटच्या रेषेवरच्या रबरी कमानीची हवा सोडायला घेतली होती. वेळ संपायला काही क्षण राहिले होते. कमान वाकत होती, सासूबाई ‘घाल, घाल, घाल रे पुढे!’ म्हणून डब्यावर थापा मारत होत्या, आणि आम्ही रेषा ओलांडली तशी अख्खी कमान आमच्या अंगावर बसली. आतल्या अंधारात इंजिन बंद पडलं. बाहेर लोक टाळ्या वाजवत होते. आम्ही सगळ्यांत शेवटी आलो, पण आलो, साडूभाऊ! गिऱ्हाइकाला तुमच्या मेहुणीने चहा पाजून परत पाठवलं.

ताईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला धाकटा साडू

ता. क. सासूबाई त्या आठवड्यात आमच्याकडे डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांती घेत होत्या, अशी ताईंची समजूत आहे. वर्तमानपत्रात आमचा फोटो आलाय. आपल्याकडे तो अंक येत असेल तर कृपया ताईंच्या आधी उठून अंक गायब करावा. एवढ्यासाठीच हे पत्र.

ता. क. मोठ्या जावईबापूंना आशीर्वाद. टपालात टाकायला पत्र माझ्याकडे दिलं, पाकीट उघडंच होतं. बाकी सगळं खरं आहे, पण तो कडा नव्हता. गुडघाभर खोल चर होता. तरी मी ओरडले, कारण मान राखून राखून माझा घसा दुखायला लागला होता. अंक लपवायची गरज नाही, थोरलीला मी फोटो पाठवला आहे; ती अजून माझ्याशी बोलत नाही, ती आधी तुमच्याशी बोलेल. पुढच्या वर्षी गाडी मी चालवणार आहे आणि हा बाजूला बसणार आहे. सरावासाठी रविवारी आम्ही तुमच्याकडे गाडी घेऊनच येतोय. फाटक सताड उघडं ठेव रे बाबा, ब्रेकचं मला अजून नीटसं जमलेलं नाही.