चार बोटं खोल

१९ मे, सोमवार
एक्कावन्न डिग्री! नागपूरचा उन्हाळा कितीही बदनाम असो, हवा एक्कावन्न? छे!

पंचवीस ठिकाणच्या हवामानाच्या नोंदी एका साच्यात बसवायचं काम माझ्याकडे आहे. कोणी 'टेम्प' लिहितं, कोणी 'ता.मा.', एकाने तर चक्क 'गरमी'. प्रत्येक रकान्याला ठरलेल्या यादीतलं एकच नाव द्यायचं, म्हणजे जगात कुठेही उघडलं तरी काय मोजलंय ते कळावं. आई म्हणते, नूपुर ऑफिसात बारशी करते. खोटं नाही.

एक्कावन्नचा आकडा सावनेरजवळच्या महादेवरावांच्या घरच्या वह्यांतला. १९९७ पासून, रोज दुपारी अडीचला. वर नुसतं 'तापमान'. मी 'हवेचे तापमान' हे नाव चिकटवून मोकळी झाले होते.

२० मे
मुकुंद सर म्हणाले, "काढून टाक. उन्हात ठेवलं असणार थर्मामीटर. शिवाय दर महिन्याला चार दिवस कोरे. माणूस गंभीर नाही." शुक्रवारी, तीसला यादी बंद. अठ्ठावीस वर्षं केराच्या टोपलीत?

२१ मे
चैन पडेना. शहरातल्या नोंदींशी ताडून पाहिलं. पाऊस पडून गेला की हवा दुसऱ्या दिवशी परत तापते; महादेवरावांचा आकडा तीन-चार दिवस खालीच राहतो. दर वर्षी! बिघडलेलं यंत्र इतक्या शिस्तीत बिघडत नाही.

२४ मे, शनिवार
जाऊन आले. त्यांचा धाकटा मुलगा जितेंद्र स्टँडवर घ्यायला आला होता. महादेवराव वीज केंद्रातून रिटायर झालेले, आता पूर्णवेळ शेती. त्यांच्या बायकोने, भागीरथाबाईंनी, पन्हं दिलं.

मी विचारलं, हवा कुठे मोजत होता? महादेवराव खो-खो हसले. "हवेले काय मोजाचं वं बाई? पऱ्हाटी काय हवेत पेरतेत?"

माती! अंगणात तुळशीजवळच्या मोकळ्या जमिनीत थर्मामीटर खुपसायचं, आकडा घ्यायचा, काढून ठेवायचं. चूक यंत्राची नाही, त्यांची नाही – मी लावलेल्या नावाची. लाज वाटली.

'मातीचे तापमान' हे नाव द्यायचं तर खोली हवी. "चार बोटं," महादेवराव म्हणाले. त्यांच्या बोटांना पट्टी लावली. आठ सेंटिमीटर.

आणि कोरे दिवस? "शिफ्ट ड्युटी राहे ना मले." भागीरथाबाई रिकामे ग्लास उचलून आत गेल्या.

२६ मे, सोमवार
नाव बदललं. मुकुंद सर खुर्चीतून उठले! "मातीचं? अठ्ठावीस वर्षांचं? अगं, हे तर सोनं आहे!" फक्त कोऱ्या दिवसांचं कारण आणि खोली नीट लिही म्हणाले.

पण कारण जुळेना. शिफ्ट तर आठवड्याला बदलते. हे खंड मोजले – अठ्ठावीस दिवसांनी, सत्तावीस, परत अठ्ठावीस. २०२१ नंतर एकही नाही. आणि १९९९ मध्ये फेब्रुवारीपासून ऐन नोव्हेंबरपर्यंत एकही नाही, मग एकदम सव्वा महिना कोरा.

जितेंद्रला फोन केला. "तुझी जन्मतारीख काय रे?"

"अकरा नोव्हेंबर नव्व्याण्णव. काहून?"

तुळशीजवळचं थर्मामीटर! महिन्यातले चार दिवस आणि बाळंतपणाचा सव्वा महिना तुळशीजवळ कोण जात नाही, हे मी बाई असून मला दोन दिवस कळू नये?

उद्या परत जाते. पट्टी घेऊन.

२७ मे
"अडीच वाजता हे घरी कुठं राहत होते वं? मीच मोजो. थर्मामीटर त्यायले भेटलं, म्हणून वहीवर नाव त्यायचं." महादेवराव मान खाली घालून हसले, मग स्वतःच पट्टी बायकोपुढे सरकवली.

भागीरथाबाईंची चार बोटं – साडेसहा सेंटिमीटर. खोली दुरुस्त केली. निरीक्षकाचं नावही.