टेकडी चढण्याची तयारी

८ जानेवारी
अप्पर स्कूलचे प्रमुख जूनमध्ये निवृत्त होणार. स्टाफरूममध्ये जाहीर झालं तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कॉफीच्या मशीनसमोर उभा होतो हे खरं, पण तरीही.

आमची शाळा देशापेक्षा जुनी. पायथ्याशी लोअर स्कूल, मध्यावर आमचं मिडल, टेकडीच्या माथ्यावर अप्पर. मुलं वर सरकत राहतात. मी मिडलचा प्रमुख. दर जूनला त्यांना वरच्या फाटकापर्यंत पोचवायचं आणि परत खाली यायचं. पुरे झालं.

संकल्प: रोज माथ्यापर्यंत चालायचं. साखर बंद. इच्छा कुणापाशी बोलून दाखवायची नाही. आमची शाळा क्वेकर, म्हणजे मौनात प्रार्थना करणाऱ्या साध्या ख्रिस्ती पंथाची; इथे स्वतःचं घोडं पुढे दामटणाऱ्याला काही मिळत नाही.

९ जानेवारी
बर्फ. चालणं उद्यापासून.

१७ जानेवारी
निम्म्यापर्यंत चढलो. बाकावर बसून देखावा पाहिला. टकर हॅलोवेल पोरांची घसरगाडी ओढत वर आला. हा लोअर स्कूलचा प्रमुख. पायांत डायनॉसॉरचे मोजे, गळ्यात युकुलेली, म्हणजे ती चार तारांची चिमुकली गिटार. म्हणाला, काय रसेल, दम लागला का रे? चिंतन करतोय म्हटलं. अशा माणसाच्या हाती एक अख्खा विभाग आहे.

३ फेब्रुवारी
मुख्याध्यापिका कॉन्स्टन्स यार्नल स्वतः माझ्या खोलीत आल्या. दार लावलं. मिडल स्कूलशिवाय तुम्हाला करमेल का, असं विचारलं. किती नाजूकपणे! म्हटलं, माणसाला वेळेवर सोडता आलं पाहिजे. बाईंचे डोळे भरून आले. म्हणाल्या, रसेल, तुम्ही हे इतकं सोपं कराल असं वाटलं नव्हतं हो. सभेपर्यंत कुणाला सांगू नका म्हणाल्या.

डेनिसला सांगितलं. बायकोला सांगणं म्हणजे कुणाला सांगणं नव्हे. ती म्हणाली, पण पुढे काय देतायत, ते विचारलंस का? मी तपशिलात शिरलो नाही. मोठी माणसं शिरत नाहीत.

२१ फेब्रुवारी
कोपरांना चामड्याचे तुकडे लावलेला ट्वीडचा जाड लोकरी कोट घेतला. खोली आवरायला काढली. रोमचा मोठा नकाशा चित्रकलेच्या हेस्टरला देऊन टाकला. मिडल स्कूल उभं आहे ते तिच्या आणि माझ्या जिवावर. ती म्हणाली, म्हणजे कानावर आलंय ते खरं? आणि तुला चालतंय? मी नुसता हसलो. ती रडायला लागली. माझ्यावर फार विसंबून आहे बिचारी.

६ मार्च
सवय व्हावी म्हणून गाडी अप्पर स्कूलच्या प्रमुखांच्या जागेत लावली. काचेवर चिठ्ठी: कृपया हलवा. आणखी थोडे दिवस.

१२ मार्च
उद्या सभा. आमच्यात मतदान नसतं. सगळे गप्प बसतात. ज्याला आतून वाटेल तो उठून बोलतो. शेवटी क्लार्क, म्हणजे सभा चालवणारी बाई, विचारते, कुणाची हरकत? एकानेही उठून हरकत घेतली तर प्रस्ताव अडतो. कुणीच नाही बोललं तर ठरलं. नंतर शेजाऱ्याशी हात मिळवायचे आणि घरी जायचं.

डेनिस म्हणाली, उद्या तोंडात मूग धरून बसू नकोस, नेमकं काय ठरतंय ते विचार. ती कॅथलिक घरातली. मौनाची ताकद तिला काय कळणार?

शक्तीसाठी दोन डोनट खाल्ले.

१३ मार्च, दुपार
झालं!

सभागृहात शेगडीची छान ऊब होती. मौन सुरू झालं आणि मी इतक्या खोल चिंतनात गेलो की हनुवटी छातीला टेकली. मध्ये कोण काय बोललं, लक्ष नाही. वर आलो तेव्हा क्लार्क म्हणत होती, रसेलच्या मनाच्या मोठेपणामुळेच आपण इथवर आलो. कुणाची हरकत?

सगळे माझ्याकडे बघत होते. हेस्टरने पुढच्या बाकाची कड घट्ट धरली होती. खिशात भाषण होतं, जीभ शिवशिवत होती. पण मी मान खाली घातली आणि गप्प राहिलो. असं मौन मी आयुष्यात पाळलेलं नाही. क्लार्क थांबली. बराच वेळ थांबली. मग म्हणाली, ठरलं तर.

टकरने हात मिळवायचा सोडून मिठीच मारली. म्हणाला, तुझ्या जागी मी असतो ना, तर आकाशपाताळ एक केलं असतं राव! प्रतिस्पर्ध्याने इतक्या मोकळेपणी हार मानावी, हे मला आवडलं. हेस्टर हात न मिळवता निघून गेली. मत्सर असावा.

१४ मार्च
कॉन्स्टन्सबाईंनी नवी रचना समजावून सांगितली.

सप्टेंबरपासून मिडल स्कूल नाही. सातवी-आठवी वर जाणार, पाचवी-सहावी खाली. अप्परला बाल्टिमोरहून कुणीतरी येतंय. मी पाचवी-सहावीबरोबर खाली. टकरचा सहायक. हेस्टरला निम्म्या वेळाचंच काम उरलंय.

म्हटलं, मला फेरविचार करायचाय. बाई फार मायेने म्हणाल्या, अहो रसेल, काल एक जरी माणूस उठला असता ना, तरी आम्ही थांबलो असतो. तुमच्यासाठीच तर इतका वेळ थांबलो होतो.

हेस्टरच्या खोलीकडे गेलो. दार बंद होतं. रोमचा नकाशा गुंडाळी करून माझ्या दाराशी ठेवलेला. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. तिला जाऊन सांगावं की मला झोप लागली होती. पण तिला ते जास्तच लागेल.

डेनिसला सगळं सांगितलं. ती काही बोलली नाही. तिचं मौन मात्र बरोबर कळलं.

२ एप्रिल
शांतपणे विचार केला. शाळा उभी असते पायावर. पाया म्हणजे लोअर स्कूल. एका अर्थी ही बढतीच. टकरला मार्गदर्शनाची गरज आहेच.

संकल्प: युकुलेली शिकायची.

३ एप्रिल
बोटं दुखतात.

८ सप्टेंबर
पहिला दिवस. माझं काम: फाटकाशी उभं राहून मुलांना गाड्यांतून उतरवणं. ट्वीडच्या कोटात घामाच्या धारा. अप्परची मुलं समोरून टेकडी चढत गेली; काहींनी हात केला.

पहिलीतली विनिफ्रेड उतरली. पुढचे दोन दात नाहीत. म्हणाली, टीचर रसेल, तू आधी वर होतास ना? हो म्हटलं. म्हणाली, सगळे तर वर जातात. तू खाली का आलास? नापास झालास?

उत्तर तयार होतं. चांगलं लांबलचक. पण मागे गाड्या खोळंबल्या होत्या आणि टकर बघत होता. मी गप्प राहिलो.

ती थांबली. तिच्या वयाच्या मानाने बराच वेळ थांबली. मग म्हणाली, ठरलं तर. आणि सभा संपल्यावर मिळवतात तसा माझ्याशी हात मिळवून वर्गात गेली.